लीड घेऊन हरणाऱ्या टीमच्या कॅप्टनला

पत्र असं आहे, थोडं कापलंय आणि नाव काढलंय:

"सर, मी ऐरोलीला राहतो. आमच्या सेक्टरमधल्या मित्रांची फुटबॉल टीम आहे, मी कॅप्टन, मिडफिल्डला खेळतो. रविवारी एका लोकल लीगमध्ये मॅच असते, अकरा-अकरा, ३५-३५ मिनिटं. हाफ टाइमला आम्ही जवळजवळ दरवेळी पुढे असतो आणि शेवटच्या दहा-बारा मिनिटांत गोल खाऊन हरतो, नाहीतर ड्रॉ. आमचा सेंटर बॅक, म्हणजे गोलसमोर मधोमध डिफेन्स करणारा, सगळ्यात मोठा, ३४ वर्षांचा, सगळे दादाच म्हणतात. त्याची हॅमस्ट्रिंग, म्हणजे मांडीचा मागचा स्नायू, दोन महिने दुखतेय, स्प्रे मारून, क्रेप बँडेज बांधून खेळतो. बाहेर ये म्हणायची कोणाची हिंमत नाही, टीम त्यानेच उभी केलीय, ग्राउंडचे पैसे पण तोच आधी भरतो. तीन सब (बदली खेळाडू) असतात, ते शेवटची पाच मिनिटं उतरतात. लीड असली की सगळे मागे येऊन डिफेन्स करतो तरी गोल बसतोच. स्टॅमिना कमी पडतोय का नशीबच असं? दादाला कसं सांगू? आणि तो नसेल तर मीच सेंटर बॅकला जाऊ का?"

भावा, नशिबाचं आधी बाजूला ठेवू. एखाद्या मॅचला बॉल पोस्टला लागून आत गेला तर नशीब म्हणू, पण दर रविवारी त्याच दहा मिनिटांत गोल बसत असेल तर त्यात नशिबाचा काय संबंध. स्टॅमिना म्हणशील तर तो थोडा कमी असणारच, सगळे नोकरीवाले, शनिवारी रात्री कोण वेळेवर झोपतंय. पण समोरची टीम पण तशीच आहे ना, ते पण आठवडाभर ठाणे-बेलापूर रोडच्या ट्रॅफिकमध्ये नाहीतर ट्रान्स-हार्बरच्या गर्दीत घामाघूम होऊन कामावर जातात, मग त्यांना शेवटी कुठून दम येतो? मला विचारशील तर हाफ टाइमनंतर एक निर्णय घ्यायचा असतो तो तुमच्यात कोणीच घेत नाही, आणि तो निर्णय दादाच्या मांडीत अडकलाय.

कसं ते नीट सांगतो, कारण बहुतेक टीमना हे कळतच नाही, त्यांना वाटतं एक जण लंगडतोय म्हणजे एकाचाच प्रॉब्लेम आहे. सेंटर बॅकची हॅमस्ट्रिंग दुखत असेल तर त्याला सगळ्यात जास्त भीती कशाची? मागे वळून स्प्रिंट मारायची. मग तो काय करतो, कोणी न सांगता आपोआप पाच-सात पावलं मागे उभा राहतो, म्हणजे त्याच्या डोक्यावरून बॉल जायलाच नको. तो मागे गेला की त्याच्या बाजूचा सेंटर बॅक पण मागे जातो, नाहीतर ऑफसाइडची लाइन तुटते आणि समोरचा ऑफसाइड न होता मधून घुसतो, मग फुलबॅक, म्हणजे कडेचे दोन बॅक, मागे येतात, आणि तुझ्यासारख्या मिडफिल्डरच्या मागे एक मोठं रिकामं मैदान तयार होतं. त्या जागेत समोरच्याचा दहा नंबर, म्हणजे अटॅक रचणारा, आरामात बॉल घेऊन वळतो. ते रिकामं मैदान भरायला तुम्ही मिडफिल्डर पुढे-मागे, पुढे-मागे पळता, फ्रेश असताना पहिला हाफ निघून जातो, पण पन्नासाव्या मिनिटानंतर तुमचे पाय संपतात. मग तुला वाटतं स्टॅमिना नाही. अरे, स्टॅमिना होता, तो दादाच्या वाटणीचं पळण्यात गेला!

आणि अजून एक. दुखणाऱ्या पायाने लांब, स्वच्छ किक बसत नाही. म्हणून तुमचं क्लिअरन्स, म्हणजे गोलपासून लांब मारलेला बॉल, सेंटर लाइनपर्यंत पण जात नसणार, तीस यार्डांवर पडतं, तिथे समोरचा उभाच असतो, बॉल परत आत. चार वेळा असं झालं की एक कॉर्नर, एक थ्रो, एक फ्री किक, त्यातल्या एकावर गोल. तू पुढच्या मॅचला कोणाला तरी मोबाइलवर शेवटची वीस मिनिटं शूट करायला सांग, आणि बॉल नको बघूस, फक्त तुमच्या चार बॅकची लाइन कुठे उभी आहे तेवढं बघ. मी पैज लावतो, ती पेनल्टी बॉक्सच्या कडेवर असेल.

आता त्या मांडीबद्दल. हॅमस्ट्रिंगवर सगळ्यात जास्त ताण फुल स्पीडला पाय पुढे फेकून जमिनीवर टेकायच्या आधी येतो, तेव्हा मागचा स्नायू ताणला जात असतानाच ब्रेक पण मारत असतो. दमलेला स्नायू हे नीट करत नाही. युएफाने, म्हणजे युरोपच्या फुटबॉल संघटनेने, युरोपातल्या मोठ्या क्लबांचा वर्षानुवर्षं अभ्यास चालवलाय, त्यात दिसतं की दुखापती प्रत्येक हाफच्या शेवटाकडे वाढत जातात आणि दुखापतींच्या प्रकारांत हॅमस्ट्रिंग सगळ्यात पुढे. २००१-०२ च्या सीझनला एकूण दुखापतींत तिचा वाटा १२ टक्के होता, २०२१-२२ ला तो २४ टक्क्यांवर गेला. ही त्यांची गत, ज्यांच्याकडे फिजिओ, मसाज, डाएट सगळं हात जोडून उभं असतं. आणि नवीन हॅमस्ट्रिंग दुखापत कोणाला होणार हे ओळखायची सगळ्यात पक्की खूण म्हणजे आधी झालेली हॅमस्ट्रिंग दुखापत. दादा सध्या नेमका त्याच रांगेत पहिला उभा आहे. स्प्रेने चामडी गार पडते, दुखणं थोडा वेळ झाकलं जातं, फाटलेला स्नायू तसाच राहतो, उलट दुखत नाही म्हणून माणूस जास्त जोर लावतो.

हा, गोळा येणं आणि स्नायू ओढला जाणं यातला फरक टीममधल्या प्रत्येकाला माहीत पाहिजे. गोळा आला तर स्नायू दगडासारखा घट्ट होतो, हळू ताणला, पाणी दिलं, मिनिटभर थांबलं की सुटतो. पळता पळता मागून कोणीतरी दगड मारल्यासारखं एकदम टच्‌कन झालं आणि नंतर एका जागेवर बोट ठेवून इथे दुखतंय म्हणून दाखवता येतंय, तर तो गोळा नाही, त्या माणसाने लगेच बाहेर यायचं, त्या दिवशी परत आत जायचं नाही. दादाचं दोन महिने चाललंय म्हणजे आता तुमच्या किंवा माझ्या सल्ल्याची वेळ पण गेली, त्याला ऑर्थो नाहीतर स्पोर्ट्सच्या फिजिओकडे पाठवा.

दादाला सांगायचं कसं, तुझा खरा प्रश्न हा आहे, बाकी सगळं तुला थोडंफार माहीत होतंच. तर पहिली गोष्ट, मॅच चालू असताना अजिबात बोलू नकोस. साठाव्या मिनिटाला, लीड असताना, सगळ्यांसमोर "दादा बाहेर ये" म्हणालास तर तो हात झटकणार आणि वर "मी ठीक आहे रे" म्हणणार, आणि त्याच्या जागी मी असतो तरी तेच म्हणालो असतो. मधल्या वारी भेट, एकटा, चहाच्या टपरीवर वगैरे, चारचौघांत नको. आणि तू दुखतोयस, तू स्लो झालायस असं सुरू करू नकोस, वय तर काढूच नकोस. ते शूटिंग दाखव. लाइन किती मागे जातेय ते त्याला स्वतःला दिसू दे, इतकी वर्षं सेंटर बॅक खेळलाय, त्याला तुझ्याआधी कळेल. मग विचार, दादा, तू फिट होईपर्यंत बेंच कोण सांभाळणार? कारण खरंच तुमच्याकडे ते काम करणारा कोणी नाहीये, तू मैदानात धापा टाकत असतोस, तुला कोण किती दमलंय ते कसं दिसणार, कॅप्टनने मॅच खेळत खेळत सब करायचे हीच मुळात चुकीची पद्धत आहे. बाहेर उभा राहून सगळं दिसणारा, ज्याचं सगळे ऐकतात असा एकच माणूस तुमच्यात आहे. त्याला मिरवायला दिलेलं काम नाही हे, सगळ्यात अवघड काम आहे.

ग्राउंडच्या पैशांचं मात्र वेगळं कर. दर महिन्याला सगळ्यांनी यूपीआयवर काढा, आधी भरा. एकाच्या उपकारावर टीम चालली की त्या एकाला बाहेर बसवणं कोणालाच जमत नाही. मला तर वाटतं तुमच्या शेवटच्या दहा मिनिटांतले निम्मे गोल त्या उधारीतून आलेत, हसू नकोस.

आता सबचं बघ. तीन पोरं पासष्टाव्या मिनिटाला उतरवून काय फायदा, त्यांना मॅचचा स्पीड कळायलाच पाच मिनिटं लागतात, तोवर शिट्टी. मोठ्या फुटबॉलमध्ये २०२० मध्ये कोविडमुळे तीनचे पाच सब केले आणि २०२२ पासून ते नियमातच कायमचं बसवलं, पण मॅच चालू असताना ते बदल फक्त तीन वेळा थांबून करता येतात, हाफ टाइम वेगळा. म्हणजे कोच लोकांना आधीच ठरवून ठेवावं लागतं की पहिला बदल कधी, दोघं एकत्र कोण. तुमच्या लीगचा नियमांचा कागद एकदा नीट वाच, लोकल पातळीवर बाहेर गेलेला खेळाडू परत आत येऊ शकतो अशी मुभा नियमांत देता येते आणि बऱ्याच ठिकाणी ती असते. असेल तर तुम्ही मूर्खासारखे तिचा वापर न करता बसलायत. विंगर (कडेने अटॅक करणारे) आणि मिडफिल्डर पंधरा-पंधरा मिनिटं फिरवा, पंचेचाळिसाव्या मिनिटाला पहिला बदल झालाच पाहिजे, स्कोअर काही का असेना. नसेल मुभा, तरी पन्नासच्या आत दोघांना उतरवा आणि एक सब शेवटपर्यंत राखून ठेवा, कोणाचा तरी पाय जाणारच.

आणि ते सब वेळेवर आले पाहिजेत, ट्रेन चुकली वगैरे चालणार नाही, कारण बेंचशिवाय टीम म्हणजे काय होतं ते आपण नेरूळला डोळ्यांनी बघितलंय. जानेवारी २०२२, महिलांचा एशियन कप, डी. वाय. पाटील स्टेडियम, चायनीज तैपेईविरुद्धची मॅच, आणि भारताच्या कॅम्पमध्ये इतक्या जणी कोविड पॉझिटिव्ह निघाल्या की नियमाला लागणाऱ्या तेरा खेळाडू पण उभ्या करता आल्या नाहीत. मॅच झालीच नाही आणि आपण घरच्याच स्पर्धेतून बाहेर! त्याचं वाईट मला अजून वाटतं.

त्याच स्पर्धेची फायनल, ६ फेब्रुवारीला, त्याच मैदानावर. हाफ टाइमला दक्षिण कोरिया २-० ने पुढे, चीन संपल्यात जमा. अडुसष्टाव्या मिनिटाला चीनची पेनल्टी, बहात्तराव्याला बरोबरी, आणि इंज्युरी टाइममध्ये बेंचवरून आलेल्या शियाओ युयीने तिसरा मारला, ३-२. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तिथेच मुलींच्या अंडर-१७ वर्ल्ड कपची फायनल झाली, स्पेन आणि कोलंबिया, ती पण ब्याऐंशीव्या मिनिटाच्या ओन गोलवर, म्हणजे स्वतःच्याच गोलमध्ये गेलेल्या बॉलवर, ठरली, १-०. ओन गोल कशामुळे होतात? दमलेले पाय आणि गोलसमोर गर्दी. म्हणजे तू जे भोगतोयस ते तुझ्या घरापासून पाच-सहा स्टेशनांवर वर्ल्ड कपच्या पोरींनी पण भोगलंय.

लीड असताना सगळे मागे येतो असं तू लिहिलंयस, आणि ते अगदी अभिमानाने लिहिलंयस. मागे येणं चूक नाही रे, मागे येऊन पुढे कोणीच न ठेवणं चूक. क्लिअर केलेला बॉल पकडायला पुढे कोणी नसेल तर तो बॉल तुम्ही समोरच्याला भेट दिलाय. २०२२ च्या वर्ल्ड कप फायनलला अर्जेंटिना २-० ने पुढे होती, फ्रान्सला काही सुचत नव्हतं, कारण डाव्या बाजूला अर्जेंटिनाचा विंगर डी मारिया त्यांना सारखा मागे पळवत होता, पेनल्टी त्यानेच मिळवली, दुसरा गोल त्याचाच. चौसष्टाव्या मिनिटाला त्याला काढून डिफेन्सवाला अकुन्या आणला. ऐंशी आणि एक्याऐंशीव्या मिनिटाला फ्रान्सच्या एमबाप्पेचे दोन गोल. फक्त त्या बदलामुळेच झालं असं मी म्हणणार नाही, पण ज्याच्या भीतीने समोरचे पुढे येत नव्हते तोच बाहेर गेला तर ते येणारच ना. म्हणून तुमच्यातला सगळ्यात फास्ट पोरगा, भले त्याला डिफेन्स ओ की ठो येत नसेल, शेवटची पंधरा मिनिटं पुढे एकटा ठेवा, आणि तो फ्रेश असला पाहिजे, म्हणजे शक्यतो सबमधलाच. समोरचे दोन बॅक त्याच्यासाठी मागे थांबतील, तेवढे दोन जण तुमच्या बॉक्समध्ये कमी.

जर्मनीच्या बायर्न म्युनिकची १९९९ ची चॅम्पियन्स लीग फायनल आठवते का, का तू तेव्हा जन्मलाच होतास फक्त? मँचेस्टर युनायटेडविरुद्ध १-० ने पुढे, ऐंशीव्या मिनिटाला त्यांनी आपल्या डिफेन्सच्या मथायसला बाहेर काढलं. तो तेव्हा ३८ वर्षांचा, पाय संपलेले, काढणं बरोबरच होतं म्हणा, पण मागची सगळी लाइन तोच बोलून बोलून चालवत होता. त्याच्या जागी आलेल्या फिंकचं क्लिअरन्स इंज्युरी टाइममध्ये फसलं, तिथून शेरिंगहॅमचा गोल, आणि लगेच सोल्शायरचा. दोघं गोल मारणारे सब! हे तुला मुद्दाम सांगतोय, कारण दादाला बाहेर काढलंस की हाच प्रॉब्लेम तुला येणार. मागून आवाज देणारा गेला. तो बाहेर जायच्या आधीच ठरलं पाहिजे की लाइन वर चला हे कोण ओरडणार. तुमच्या गोलकीपरला सांग, आणि त्याला "मागे या, मागे या" ओरडायची सवय असेल तर ती मोड आधी. बॉल क्लिअर झाला की सगळे दहा पावलं वर, एवढा एकच आवाज.

दुसऱ्या टोकाचं पण सांगून ठेवतो, नाहीतर तू एकदम अटॅकच सुरू करशील. २०१८ च्या वर्ल्ड कपला जपान बेल्जियमविरुद्ध २-० ने पुढे होतं, बेल्जियमचे सब फेलाइनी आणि शादली पासष्टाव्या मिनिटाला एकत्र उतरले, २-२ झालं, तरी चौऱ्याण्णवाव्या मिनिटाला जपानने कॉर्नर मिळाला म्हणून माणसं पुढे पाठवली. बेल्जियमचा कीपर कुर्तुआने बॉल पकडला, लगेच फेकला आणि काही सेकंदांत शादलीने गोल मारला, मॅच संपली. शेवटच्या मिनिटांत तुमचा कॉर्नर असला तर शॉर्ट घ्या, झेंड्यापाशी बॉल अडवून ठेवा, थ्रो मिळवा, पाच जण सोडून बाकी कोणी पुढे जायचं नाही. कंटाळवाणं दिसतं, दिसू दे.

गोलकीपरने उगाच पाय धरून खाली पडायची आयडिया मात्र मला देऊ नकोस. बाकीच्यांवर मैदानात उपचार झाले तर बहुतेक वेळा बाहेर जावं लागतं, कीपरला ती सक्ती नाही, म्हणून सगळे तो डाव खेळतात आणि त्या बहाण्याने कोचिंग करून घेतात. मला ते बघवत नाही. त्यापेक्षा मॅचच्या आधी रेफ्रीला भेटून पाणी प्यायला ब्रेक मागा, नियमात ड्रिंक्स ब्रेक आहे आणि जास्त गरमी असेल तर दीड ते तीन मिनिटांचा कूलिंग ब्रेक पण आहे, दोन्ही टीमना मिळतो. आपल्याकडच्या खाडीकाठच्या चिकचिकीत घाम वाळतच नाही, अंग थंड होत नाही, त्यात आर्टिफिशियल टर्फ दुपारी भट्टीसारखी तापते.

वॉर्म अपच्या नावाखाली तुम्ही गोलवर शूट मारत असणार, मी न बघता सांगतो. फिफाचा ११ प्लस म्हणून वीस मिनिटांचा वॉर्म अप आहे, नेटवर फुकट मिळतो, नीट केला तर दुखापती साधारण एक तृतीयांशाने कमी झाल्याचं अभ्यासात दिसलंय. त्यातच नॉर्डिक आहे, एकाने घोटे धरायचे, दुसऱ्याने गुडघ्यावर बसून हळूहळू पुढे झुकायचं. पहिल्या आठवड्यात शिव्या घालाल, पण हॅमस्ट्रिंगला त्याच्यापेक्षा भारी काही नाही. मॅचच्या दिवशी नव्याने सुरू करू नका, आधी मधल्या वारी सवय करा.

एक गोष्ट तू विचारली नाहीस, तरी सांगतो. डोक्याला मार लागला तर तिथे स्ट्रॅटेजी, लीड, दादागिरी काही चालत नाही, माणूस बाहेर, त्या दिवशी परत नाही, आणि उलटी, चक्कर, गडबडलेलं बोलणं काही दिसलं तर सरळ हॉस्पिटल. मार्च २०२१ ची आयएसएल (इंडियन सुपर लीग) फायनल, मुंबई सिटीचा आपला अमेय रानवडे हाफ टाइमच्या आधी टक्कर होऊन पडला, त्याला अँब्युलन्समधून न्यावं लागलं. टीम हादरली होती, तरी बदल करून खेळली आणि नव्वदाव्या मिनिटाला बिपिन सिंगने गोल मारून मोहन बागानला २-१ ने हरवलं. आपला माणूस बाहेर गेला म्हणजे मॅच गेली असं नसतं, एवढं तुमच्या पोरांना यावरून कळलं तरी खूप.

राहिला शेवटचा प्रश्न, दादा नसेल तर तू मागे जाऊ का. नको. तू मिडफिल्डमधून मागे गेलास की मधली जागा अजून रिकामी, एक भोक बुजवायला दुसरं पाडल्यासारखं होईल. तुमचे फुलबॅक दोन आहेत, त्यातला जो कमी पुढे पळतो आणि हेडर बरा मारतो त्याला आत घे, त्याच्या जागी सबमधला एक जण खेळव. पहिल्या मॅचला बहुतेक गडबड होईल, कदाचित तीन गोल खाल, तरी लगेच दादाला परत बोलावू नकोस. निदान फिजिओ हो म्हणेपर्यंत तरी नाही.